स्क्रीन भरण्यासाठी ताणलेला चेहरा

मित्रहो,

आज माझ्या दिवंगत पत्नीचे, सुमनचे, वर्षश्राद्ध झाले. तिच्या थोरल्या बहिणीला, माईंना, अमरावतीहून ते पाहता यावे म्हणून मी थेट प्रक्षेपणाची व्यवस्था केली होती. अंथरुणाला खिळलेल्या माईंची स्मृती क्षीण होत चालली आहे. त्यांनी बहिणीला एकदा ओळखावे, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी ऐंशीच्या दशकातली, माईंच्याच मुलीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मी शोधून काढली. तीत सुमन हसत पाहुण्यांना अत्तर लावते आहे.

जुने चित्र चौकोनी, आजची स्क्रीन रुंद. त्यामुळे सुमनचा चेहरा आडवा ताणलेला दिसू लागला. मी प्रक्षेपण करणाऱ्या ऑपरेटरला हटकले. त्याने चित्र मूळ मापात आणले; दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरल्या.

तोच धाकटा मेहुणा वसंता ओरडला, "अरे, श्राद्धाच्या दिवशी हे काळं काहून दाखवून राहिला गा? स्क्रीन भरून टाक!"

"वसंता, त्याने तिचा चेहरा बिघडतो."

"थोडी जाड दिसली तर काय होते, भाऊजी? काळं अशुभ असते."

नातेवाइकांनी माना डोलावल्या. ऑपरेटरने बहुमत मानले.

संध्याकाळी माईंच्या सुनेचा फोन आला. "काकाजी, आईंनी शेवटपर्यंत पाहिलं. मंग मले विचारलं, ही बाई कोण व्हय वं?"

मित्रहो, माईंची स्मृती गेली, की आम्हीच त्यांना परकी बाई दाखवली? आपल्याजवळ याचे उत्तर आहे काय?