चाकणचा भुईकोट आणि प्रशांतदादाचं पिस्तूल

शनिवारी सकाळी पिंपळे गुरवहून निघाले, ते एक अर्ज लिहून द्यायला. ऑफिसातली माझी मैत्रीण वैशाली महाळुंग्याची. त्यांची दोन एकर जमीन रस्त्यात जाणार अशी नोटीस आली आहे आणि हरकत द्यायची शेवटची तारीख सोमवार. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच, त्यामुळे कुणाचाही अर्ज असला तरी हाक मला. वैशालीचा भाऊ प्रशांतदादा मात्र म्हणत होता, अर्जबिर्ज काही नको, मोजणीवाले आले की पिस्तूल दाखवू.

भोसरीपर्यंत एक बस, तिथून मोशीमार्गे चाकणची दुसरी. अंतर किरकोळ, वेळ मात्र दोन तास धरा, कारण मोशीच्या पुढे रस्त्यावर कंटेनरच राहायला आलेत. उतरल्यावर मिसळ खा, तर्री वेगळी मागा. शंभरच्या आत पोट भरतं. तिथून किल्ला चालत गाठता येतो. तिकीट नाही, सावलीही नाही. पाणी घरून न्या.

प्रशांतदादा आणि वैशाली तिथेच भेटले. दादा बुरुजावर हात ठेवून म्हणाला, “ताई, मूठभर माणसांनी एवढी मोठी फौज इथं दोन महिने अडवली. आज घराघरात बंदूक असती ना, तर मिल्ट्रीसुद्धा गावात शिरली नसती.”

“शेवटी काय झालं इथं?”

“सुरुंग लावला. बुरूज उडाला.”

“आता सुरुंगाचीही गरज नाही. वरून ड्रोन येतं.”

“मग गनिमी कावा करायचा.”

“त्याला डोंगर लागतो, दादा. तुमच्याकडे गोदामं आहेत. आणि या ट्रॅफिकमध्ये तळेगाव चौक ओलांडेपर्यंत तुमच्या फौजेला संध्याकाळ होईल.”

“त्यात हा स्टेटसला लोकेशन टाकणार,” वैशाली म्हणाली.

मला या कमरेला लावलेल्या स्वातंत्र्याची चीड येते. ज्या सरकारकडे रणगाडे, विमानं आणि आपला प्रत्येक फोन कुठे आहे याची माहिती आहे, त्याच्यापुढे दसऱ्याला पूजेसाठी आणि वरातीत मिरवण्यासाठी निघणारं पिस्तूल टिकणार म्हणे. जंगलात वर्षानुवर्षं सैन्याशी लढणारे लोक जगात आहेत, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या गावांचं काय होतं ते विचारा. पोरंबाळं घेऊन रान तुडवणाऱ्यांचा हिशेब हे बंदूकवाले कधीच धरत नाहीत.

महाळुंग्यात जेवायला बसलो आणि दादाचा फोन वाजला. पोलीस चौकीतून होता. निवडणूक लागली आहे, परवान्याचं शस्त्र आजच जमा करा.

“हो साहेब. आत्ता निघतो, साहेब.”

अर्धी भाकरी ताटात टाकून तो उठला. वैशालीच्या आईने, काकूंनी, पिस्तुलावरचं दसऱ्याचं कुंकू पदराने पुसलं आणि पिशवी हातात दिली. “परवान्याच्या झेरॉक्स दोन घे. मागच्या येळी माघारी धाडलं व्हतं.”

मिल्ट्री लागली नाही. एक फोन पुरला.

दोन तासांनी तो पावती घेऊन परतला, तेव्हा मी काकांना, म्हणजे त्याच्या आबांना, हरकत वाचून दाखवत होते. तो दारातच थांबून ऐकू लागला.

“ईहीर कुठं हाय ह्यात? त्यांच्या नकाशात ती शेजाऱ्याच्या रानात दाखवलीय. सहा आंबे बी न्हाईत.”

“आरं, मग आधी का न्हाई बोललास?” काका म्हणाले.

“इचारलं कुणी?”

मी नाही, हे खरं. विहीर आणि आंबे घालून मी सगळं नव्याने लिहिलं. काकांनी सही केली. दिवे लागायच्या आत मी घरी पोचले.

पप्पा कंपनीत तयार भाग ड्रॉइंगशी ताडून पास करतात. मी अर्जाचा फोटो कौतुकाने दाखवला. त्यांनी नोटिशीचा फोटोही मागितला आणि बोट ठेवत एकेक आकडा जुळवला. “बाई, हा गट नंबर उलटा पडलाय. ही जमीन दुसऱ्याचीच झाली की.”

वैशालीला फोन लावला. प्रशांतदादाने उचलला. दिवसभर मी त्याला हसले होते. कशीबशी चूक सांगितली.

तो हसला नाही. म्हणाला, “उद्या पहिल्या बसनं या, ताई. आबांची सही परत घेऊ. मी चौकात थांबतो.”