बोल्टावरची शेंदराची रेघ

मी देव न मानणारा नव्हे, पण देवाला गॅरेजच्या दाराबाहेर ठेवणारा माणूस. घरी बायकोचे शनिवार चालत, उपास चालत, त्याचं मला वावडं नव्हतं. पण लोखंडाला पान्याचीच भाषा कळते, असं मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलो. तो ताठा ज्या आठवड्यात मोडला, त्याबद्दल लिहायचं आहे. लिहिताना लाज वाटते, कारण त्यात माझं एक खोटं आहे आणि ते एखाद्याच्या जिवावर बेतलं असतं.

गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. चिखलात, डोंगरात जाणाऱ्या फोर-व्हील गाड्यांचीच कामं मी करतो. सदाशिव पेठेतल्या एक डॉक्टरबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. साठी उलटली आहे, पण दर गुरुवारी औषधांची खोकी भरून त्या स्वतः जीप चालवत घाटातून धरणापलीकडच्या वस्त्यांवर जातात. मागच्या पावसाळ्यात त्यांची जीप रुतली. एक चाक जागच्या जागी गरगरत होतं आणि दुसरं हलायला तयार नव्हतं. दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा हा स्वभावच आहे, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच तो सगळा जोर देऊन टाकतो. लॉक बसवला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि पकड असलेलं चाक गाडी बाहेर ओढतं. आपोआप लागणारा लॉकही मिळतो, पण तो पक्क्या रस्त्याच्या वळणावर गाडीशी भांडतो. म्हणून मी त्यांना बटणाने लावायचा आणि बटणाने सोडायचा लॉक निवडून दिला. "चिखल संपला की सोडायचा हं, धरून बसायचं नाही," असं मोठ्या शहाणपणाने बजावलं. त्याच वेळी टायरही मोठे घातले.

महिन्याभरात स्टिअरिंग थरथरायला लागलं. साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं लटपटत, स्टिअरिंग हातातून हिसके मारत सुटे आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत शांत होत नसे. घाटात असं झालं तर माणूस गाडीसकट खाली. मी आधी लॉकला दोष दिला. तो मागच्या आसावर बसतो, त्याचा याच्याशी संबंध नाही, हे कळत असूनही दिला. मग चाकांचं बॅलन्सिंग केलं, स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड बदलले, बेअरिंग बदलली. गाडी उचलून एकूण एक नट पान्याने तपासला. सगळे घट्ट होते आणि थरथर होती तिथेच होती.

तीन गुरुवार बाई खोकी मांडीवर घेऊन एसटीने गेल्या. "अहो, तुमच्या हातून जीप बरी होईपर्यंत माझे पेशंट आपले आपणच बरे होतील," त्या म्हणाल्या. ते मला फार लागलं. पुढच्या शनिवारी मी स्टिअरिंगला नवा जाड डँपर बसवायला घेतला. डँपर हा हादरे गिळतो, दोष घालवत नाही. तापाचं कारण न बघता अंगावर गोधडी टाकण्यातला प्रकार. असं करणाऱ्या मिस्त्रींना मी आजवर नावं ठेवली होती.

काम चालू होतं, गाडीचं पुढचं एक चाक काढलेलं होतं, तेवढ्यात दारात एक म्हातारा हमाल आला. तो दर शनिवारी मारुतीला शेंदूर लावून उरलेली वाटी घेऊन आमच्या रस्त्याने फिरतो आणि हातगाडी, टेम्पो, वजनकाटा, जे दिसेल त्याला बोट लावत जातो. माझ्याकडे तो थांबत नसे, मी थांबूच देत नसे. त्या दिवशी मात्र गुडघा धरून तो जीपशेजारच्या फळीवर मटकन बसला.

"दुखतोय का?" मी विचारलं.

"बसल्यावर काय दुखत न्हाय बघा. पोतं उचललं की कळतंय."

एवढं बोलून त्याने बोट वाटीत बुडवलं, चाकाच्या मोकळ्या जागेतून हात आत घातला आणि आसाला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या बोल्टावर एक ठसठशीत रेघ ओढली. अर्धी बोल्टावर आली, अर्धी चासीवर.

"बाबा, देवळात लावा ते. इथे ग्रीस पुरेसं आहे," मी फटकारलं.

"ऱ्हाऊ द्या मालक," म्हणून तो लंगडत निघून गेला.

मंगळवारी मी जीप कात्रजच्या घाटात फिरवून आणली. डँपरने आपलं काम केलं होतं, स्टिअरिंग गप्प होतं. बाईंना फोन करून सांगितलं, "झाली गाडी. गुरुवारी बिनधास्त न्या." दोष सापडला नाही, नुसता डँपर घातलाय, हे मात्र सांगितलं नाही. बुधवारी दुपारी गाडी धुऊन पुसून ठेवली, तेव्हा तो शेंदूर आठवला. आपल्या कामावर कुणाचे डाग कशाला, या एकाच विचाराने मी रॉकेलचा बोळा घेऊन गाडीखाली शिरलो.

रेघ तुटलेली होती. बोल्टावरचा तुकडा एकीकडे, चासीवरचा दुसरीकडे, मधे चांगलं जवभर अंतर. पाना लावला, तर नट घट्टच. गाडी या वेळी चाकांवर उभी होती. मी शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली आणि स्टिअरिंगवर बसून ते डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं. तो हलवत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर शेंदराचे ते दोन तुकडे लांब जात होते, जवळ येत होते. बोल्ट ज्यात बसतो ते चासीचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि मोठ्या टायरांच्या जोराने बोल्ट त्यात सरकत होता. मी प्रत्येक वेळी गाडी उचलून, चाकं लोंबकळत ठेवून तपासलं होतं. भार नसताना तो सांधा कशाला बोलेल? पोतं उचललं की कळतंय. मी तसाच पाठीवर पडून राहिलो आणि मला रडू आलं. रेघ पुसली नाही.

मग बाईंना फोन केला. "उद्या गाडी नेऊ नका. मी दोष दाबला होता, काढला नव्हता. तुम्हाला खोटं सांगितलं." त्या म्हणाल्या, "बरं. आता खरी करा. मी एसटीने जाते." रागाचा एकही शब्द त्यांनी वापरला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाटलं. मी जाड पट्टी वेल्ड करून भोक नव्याने पाडलं, नवा बोल्ट घातला आणि डँपर काढून टाकून घाटात गेलो. मुद्दाम खड्ड्यात घातली, तरी गाडी सरळ चालली.

गाडी लटपटली की स्टिअरिंग आवळू नका, हात हलके ठेवा, ॲक्सिलरेटर सोडा, ती आपोआप शांत होते, हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगतो. स्वतः मात्र आपली हुशारी दोन्ही मुठींनी आवळून बसलो होतो. ज्याला मी बाहेर ठेवलं, तो गाडीखाली येऊन थांबला होता. याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की बाई आजही गुरुवारी त्या घाटातून जातात आणि संध्याकाळी परत येतात.

पुढच्या शनिवारी मी यार्डात जाऊन त्या म्हाताऱ्याला शोधलं. पोत्यांच्या थप्पीला टेकून तो चहा पीत होता. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाबा, नेमका तोच बोल्ट कसा हो दिसला तुम्हाला?"

तो ओशाळून हसला. "मला काय कळतंय मालक त्यातलं? गुडघा वाकत न्हाय. बसल्या जागी हात जितवर पोचला, तितं लावला."

मी वाकून त्याच्या पायांना हात लावला. तीस वर्षं माझा हात तसल्या बोल्टांपर्यंत पोचत होता, रोज पोचत होता, आणि तरी पोचला नव्हता.