मागाशेजारची गिटार

आमच्या घरमालक आप्पांइतका बेसूर माणूस बेळगावापासून लोंढ्यापर्यंत दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगतो. देवळात आरती सुरू व्हायच्या आधीच पुजारी त्यांना प्रसादाचं खोबरं देऊन टाकी. तेवढा वेळ तोंड कामात राही. शहापुरात हातमागावर लुगडी विणण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर, बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी, गिटार शिकायला बसला. गल्लीनं तोंडात बोटं घातली.

"आप्पा, त्यापेक्षा पेटी शिका की!" मी म्हणालो.

"पेटीत आमच्या हिचा आवाज न्हाय. लोंढ्याच्या फलाटावर त्या मास्तरची गिटार ऐकली, तिच्यात हाय."

त्यांची बायको, आमच्या आक्का, जन्मभर मागाशेजारी बसून कांड्यांवर सूत भरायच्या आणि भरताना एक चाल गुणगुणायच्या. ती चाल आप्पांच्या डोक्यातून पुसली जात होती. पुरती पुसली जायच्या आत त्यांना ती बोटांत उतरवायची होती.

मास्तर म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले ख्रिस्ती गृहस्थ, दर रविवारी लोंढ्याहून गाडीनं शिकवायला येत. पहिल्याच दिवशी आप्पांनी मागावरच्या धोट्याची दोरी हिसडावी तशी तार हिसडली. तेव्हा तारा आतड्याच्या असत, तटकन तुटली. मास्तर पिशवीतून नवी काढेपर्यंत आप्पांनी विणकराची गाठ मारून ती जोडलीसुद्धा. "चालू द्या मास्तर, गाठ हाताला लागायची न्हाय." मास्तरांनी चाचपलं. खरंच लागत नव्हती. बिचारे पुढच्या रविवारी जास्तीच्या तारा घेऊन आले, पण रागावले नाहीत.

बोटं वळली, तरी आप्पांना चाल काही गाऊन दाखवता येईना. शेवटी मास्तर म्हणाले, "आप्पा, तुम्ही माग चालवा. मी नुसता ऐकत बसतो." खटक-खटक सुरू झालं आणि आप्पांच्या तोंडून नकळत चाल बाहेर पडू लागली. मास्तर गिटारीवर एकेक सूर वेचत गेले. एका जागी आप्पा थांबले. पुन्हा माग चालवला, पुन्हा तिथंच थांबले.

"पुढं?"

आप्पांनी धोट्यातली रिकामी कांडी काढून हातात घेतली. "पुढचं मी कवा ऐकलंच न्हाय, मास्तर. तितवर आली की मी वरडायचो, कांडी दे गं!"

"पुढचं मी जुळवून देतो."

"नको. ते तिचं न्हाय."

मग ते तेवढंच वाजवू लागले, आणि काय गोड वाजवायचे! त्या जागेपाशी आले की तारांवर हात ठेवून गप्प बसत. त्या वेळी आमच्या गल्लीत कोणी कोणाला हाक मारत नसे.