समजून द्या

वहिनीला कामाचे पैसे विचारले की तिच्या तोंडून एकच उत्तर येई, "द्या ना समजून." ऐकून ऐकून तिच्या धाकट्या नणंदेने तिचं नावच समजूनबाई ठेवलं होतं. नणंदेचं कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान. जिभेला कात्रीची धार, मन मात्र अस्तरासारखं मऊ.

वहिनी लाकडी जमिनी साफ करते. आधी ती एका सफाई कंपनीत होती. तिथे सगळ्या जमिनींना एकच न्याय, बादलीभर साबणाचं पाणी आणि ओलाचिंब पोछा. लाकडावर असं पाणी पडलेलं पाहिलं की तिला राहवायचं नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फळ्यांच्या कडा वर येतात. एका वाचनालयाची जमीन ती मुकादमाचा डोळा चुकवून नुसत्या दमट, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसू लागली. काही महिन्यांनी तिथल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, खिडकीबाहेरचं झाड आता जमिनीत दिसतं!" त्या एका वाक्यापायी हिने नोकरी सोडली, असं तिचा नवरा अजून सांगतो. तक्रार म्हणून नाही, कौतुकाने.

स्वतःचं काम मिळायला त्रास झाला नाही. एका घराने दुसऱ्या घराला सांगितलं. पण 'समजून' देणारे आपापल्या समजेप्रमाणे देत. एका बाईंनी तर दिवसभराच्या कामानंतर जुने पडदे दिले आणि वर म्हणाल्या, "चांगले आहेत हो, नुसते विटलेत." लाकूड घासायच्या यंत्राचं भाडं आणि पॉलिश यांचा खर्च वजा जाता हाती उरे तो लोकांचा आशीर्वाद.

"घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतेस," नणंद म्हणे.

अशात जुन्या मुकादमाचा फोन आला. जागा रिकामी होती, शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. नवरा म्हणाला, "तू जे ठरवशील ते. पण असं लोकांच्या आशीर्वादावर फार दिवस निघणार नाहीत गं." ते खरंच होतं. शुक्रवारी एका नृत्यवर्गाची जमीन बघायला जायचं होतं. मोठा हॉल, दर महिन्याचं काम. तिथे रास्त दराने जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून पुन्हा बादली. वहिनीने मनाशी एवढं पक्कं केलं.

गुरुवारी दुपारी नणंदेने दुकानात तिची तालीम घेतली. गळ्यात टेप अडकवून ती स्वतःच गिऱ्हाईक झाली.

"काय हो बाई, किती घेणार?"

"चौरस फुटाला बारा," वहिनी म्हणाली, आणि लगेच, "पण कमी करू की."

"मी मागितलं का कमी?"

"तुमचा चेहरा तसा झाला, वन्सं."

"माझा चेहरा जन्मापासून असाच आहे! पुन्हा बोल. आणि आकडा सांगितलास की ओठ शिवून टाक. दोरा हवा तर माझ्याकडे आहे."

चार वेळा तालीम झाली. चारही वेळा टाका उसवला. कपडे न्यायला आलेले एक आजोबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. शेवटी तेच म्हणाले, "द्या हो तिला बारा, मी भरतो." मग तिघंही हसली, आणि तालीम तिथेच संपली.

नृत्यवर्गाचा हॉल पहिल्या मजल्यावर होता. एका भिंतीला लांबच लांब आरसा. खिडकीजवळच्या फळ्या मधासारख्या चमकत होत्या आणि मधोमध, जिथे मुली गिरक्या घेतात, तिथे जमीन राखेसारखी फिकी पडली होती.

"आधीचा माणूस स्वस्तात करायचा," नृत्यशिक्षिका म्हणाल्या. उंच, ताठ मानेच्या, बोलताना पाऊलसुद्धा नेमकं टाकणाऱ्या. "पण त्याचं काम झालं की मुली घसरायच्या. तुमचा काय दर?"

वहिनीने समोर पाहिलं तर आरशात तीच उभी, खांदे पाडून. सवयीने ओठांवर तेच आलं, "समजून..."

आणि ती थांबली. शिक्षिका वाट पाहत होत्या. आता हे वाक्य कुठेतरी न्यायला हवं होतं.

"समजून घ्या आधी," वहिनी म्हणाली.

म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. पण आता मागे फिरणं नव्हतं. ती खाली बसली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि बोटाने एक थेंब खिडकीजवळ सोडला. थेंब मण्यासारखा टपोरा उभा राहिला. मग ती मधोमध गेली आणि तिथे दुसरा सोडला. तो पसरला आणि बघता बघता फळीत मुरला. मागे काळपट डाग उरला. शिक्षिकाही शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या.

"जिथे थेंब उभा राहतो तिथे पॉलिश जिवंत आहे. तिथे धूळ ओढून दमट कापड फिरवलं की झालं. चौरस फुटाला बारा. जिथे मुरतो तिथे लाकूड उघडं पडलंय. ते हलकं घासून पॉलिशचे दोन हात द्यावे लागतील, वर्ग दोन-तीन दिवस बंद ठेवावा लागेल. त्याचे तीस."

आणि तिने ओठ शिवले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं, त्याचा आवाज येऊन गेला. शिक्षिकांच्या कपाळावर आठी आली. वहिनीच्या जिभेवर 'कमी करू की' येऊन बसलं होतं. तिने ते गिळलं.

"तीस जरा जास्त वाटतात," शिक्षिका म्हणाल्या.

"दर तोच राहील, मॅडम. काम कमी करता येईल. आत्ता सगळी जमीन बाराच्या दराने नुसती साफ करू. मधला भाग तुमच्या सुट्टीत घेऊ. तोवर तिथे पाणी लावू देऊ नका."

शिक्षिकांनी त्या काळ्या डागावरून बोट फिरवलं. "आणि दर महिन्याला याल ना? की एकदा करून गायब?"

"येईन. तुम्हीच बंद करा म्हणेपर्यंत."

"मग सोमवारी सकाळी या. मुली यायच्या आत."

जिना उतरल्यावर वहिनीने आधी मुकादमाला फोन लावला. "साहेब, माझं नको. दुसऱ्या कुणाला तरी द्या ती जागा." तिकडून तो काहीतरी पुटपुटला. ती "बरं साहेब" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नवऱ्याला तिने फक्त "बारा आणि तीस" एवढंच कळवलं. त्याला ते लगेच समजलं, यातच त्यांचा संसार आला.

मग ती दुकानात शिरली. नणंदेने सुई तशीच हवेत धरली. "काय गं, समजूनबाई?"

वहिनीने सगळं सांगितलं, थेंबांसकट. नणंदेने डोळे पुसले, मग धागा डोळ्यात गेला असं म्हणाली. वहिनीने पिशवीतून गुडघ्यांना बांधायच्या दोन गाद्या काढल्या. दोन्हींची शिवण उसवलेली.

"सोमवारी लागतील. किती घ्याल, वन्सं?"

नणंदेने गाद्या उलटसुलट करून पाहिल्या, आकडा सांगितला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. नणंदेचे गाल हसू दाबून फुगले होते, पण ओठ शिवलेलेच. वहिनीने पर्स उघडली आणि काही कमी करा न म्हणता तेवढे पैसे तिच्यापुढे ठेवले.