बॅरलच्या तोंडावरची खाच

पोस्टिंग डोंगरातल्या एका बटालियनच्या कोतात होती. कोत म्हणजे हत्यारखाना. हत्यारं दुरुस्त करणारे आर्मरर आम्ही दोघे, दोघेही भिवंडीचे. मी खारबावचा हवालदार भोईर. दुसरा निजामपुऱ्याचा नायक यासीन, मला सहा वर्षांनी ज्युनियर. त्याचा बाप पॉवरलूमचा फिटर, हात बापाकडून आलेले.

जवान खिडकीशी येऊन विचारायचे, "यासीनभाई है क्या?" मी समोर उभा असायचो. अरे, मी काय खांब हाय? सरळ सांगतो, जळायचो मी त्याच्यावर.

एकदा १०३० वाजता एकाची रायफल आली. साफ करताना चिंधी जाड घेतलेली, ती बॅरलमध्ये अडकून ओढायची दोरी तुटलेली. १४०० ला त्याची गस्त निघणार होती. यासीन चहाला गेला होता. नियम असा, की तेल सोडायचं, चिंधी भिजू द्यायची आणि पितळी रॉड मागून घालायचा. पुढच्या तोंडाची कड जपायची, कारण तिथं खाच पडली की गोळी भरकटते. मला सगळं पाठ होतं. पण यासीन यायच्या आत काम उरकून दाखवायचं होतं. लोखंडी रॉड पुढून घातला आणि ठोकला. चिंधी निघाली, कडेला खाच पडली. मी तेल लावून रायफल रॅकला ठेवली.

१३४० ला वाटप करताना यासीननं कडेवरून नख फिरवलं.

"दादा, लोखंडानं काढलीत?"

त्यानं जवानाला दुसरी, झीरो केलेली, म्हणजे नेम जुळवलेली रायफल दिली. सुभेदारसाहेबांनी कारण विचारलं.

"साब, हवालदारसाब ने लोहे की रॉड मारी."

खरं तेच बोलला. तरी महिनाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्यानंच नंतर गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला घासायची पेस्ट लावून ती कड घासून सारखी केली. रेंजवर पाच राउंड मारले, पाचही तळहाताएवढ्या जागेत. माझा जीव आणखीच जळला.

पुढच्या महिन्यात वरच्या पोस्टवरून रेडिओ आला. "हथियार चेक करने यासीन को भेजो. ओव्हर."

पाळी माझी होती. मी सुभेदारसाहेबांकडे गेलो.

"साब, नंबर मेरा है."

"पोस्ट ने नाम लेके मांगा है, भोईर. बस."

०७१५ ला गाडी निघाली. यासीन म्हणाला, "येतो, दादा." मी तोंड फिरवलं.

०९०५ ला दरड कोसळून गाडी खोल दरीत गेली. ड्रायव्हर वाचला, यासीन गेला. त्याच्या सामानाची बॉक्स मी बांधली. कुलूप लागेना.

आता रिटायर होऊन मी राहनाळला गोडाऊनवर वॉचमनची ड्युटी करतो. दर ईदला निजामपुऱ्यात त्याच्या अम्मीकडे जातो. ती दरवेळी तेच विचारते, "माझ्याच पोराला कशाला धाडला रे?"

"त्याला नाव घेऊन बोलावलं होतं, अम्मी," मी सांगतो. "मला कुणी बोलावलं न्हाय."