औषध घेतलं का?

माझ्या थोरल्या बहिणीचा श्वास तीन ओळींचा होता. हे माप डॉक्टरांचं नव्हे, राळेगाव तालुक्यातल्या तिच्या गावच्या महिला भजन मंडळाचं. अभंगाच्या तीन ओळी ती एका दमात ओढायची आणि चौथीवर खंजिरी अशी हाणायची की समोर पेंगणारे म्हातारे हात जोडूनच जागे व्हायचे. दोन वर्षांपूर्वी तीन ओळींच्या दोन झाल्या. गेल्या हिवाळ्यात दीड. मंडळात दुसरी एक बाई आहे, आवाजानं बेताची पण छातीनं दणकट. ती हळूहळू सरकत पुढच्या रांगेत येऊन बसू लागली, तेव्हा बहिणीनं मला यवतमाळला फोन केला.

"बाबू, एखादा डाक्टर पाह्य. खोकल्याचा नाई, श्वासाचा. चैत्रातल्या सप्त्याच्या आत मले माह्या तीन ओयी वापस पाह्यजे."

"म्हणजे दमा का गं, बाई?"

"हळू बोल. दमा म्हनू नको. तिनं आयकलं तं माही खंजिरी गेली."

मी शाळेत मराठी शिकवतो. डॉक्टर शोधायचं काम अंगावर आल्यावर मला जो आनंद झाला तो रुग्णाच्या भावाला शोभणारा नव्हता. नवी वही काढली, रकाने आखले, स्टाफरूममध्ये विषय टाकला. गणिताच्या सरांनी एका डॉक्टरांची अशी तारीफ केली की मी पत्ता विचारला. ते डॉक्टर वारले होते. मोबाइलवर पाहिलं तर एका तज्ज्ञाला पाच तारे होते, कारण तिथला एसी थंड होता, आणि दुसऱ्याला एकच, कारण गाडी लावायला जागा नव्हती. शेवटी मी पदव्यांची अक्षरं मोजली. जवळच्या मोठ्या शहरातल्या एका ॲलर्जी आणि दमा तज्ज्ञाच्या नावापुढे इतकी अक्षरं होती की पाटी शेजारच्या चष्म्याच्या दुकानावर गेली होती. तोच ठरला.

बहीण, भाऊजी आणि मी असे तिघं गेलो. भाऊजी पडद्याबाहेर बसले, मी आत. डॉक्टर सभ्य होते, शांत होते, आणि त्यांचं मराठी माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा शुद्ध होतं.

"घरात गालिचे आहेत का?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "मंडळाची सतरंजी हाये एक."

"कुत्रा, मांजर?"

"गावचीच हायेत."

"बरं. सध्या कुठलं औषध घेता?"

बहीण ताठ झाली. इथे मला थांबून सांगितलं पाहिजे की आमच्या भागात औषध म्हणजे कपाशीवर फवारतात ते. पोटात जाते ती गोळी, फार तर बाटली. अमक्यानं औषध घेतलं असं गावात ऐकू आलं, की कोणी प्रश्न विचारत बसत नाही. गाडी काढतात आणि सरकारी दवाखाना गाठतात. हा अर्थ मला पुरता ठाऊक होता. तरी मी त्या खोलीतल्या यंत्रांकडे बघत बसलो.

"नाई घेत," ती तुटकपणे म्हणाली. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

मग तपासणी. हातावर पेनानं खुणा, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब, थेंबावर सुईचं हलकं टोक. ज्या थेंबाखाली कातडी फुगेल तो आपला वैरी. पहिला थेंब मात्र सगळ्यांचाच फुगतो, परीक्षा बरोबर चालली आहे हे कळावं म्हणून. पंधरा-वीस मिनिटं गेली. हात कोराच. पहिला थेंबही मुकाट. डॉक्टरांनी हाताकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, खरं सांगा. औषध घेतलंय ना तुम्ही?"

पडदा एकदम बाजूला झाला. दारात भाऊजी, चेहरा चुन्यासारखा. "घेतलं? कधी घेतलं?"

"मी कायले औषध घेऊ?" बहीण उठून उभी राहिली. "सुना हायेत, नातू हाये, वावरात तूर उभी हाये! काय कमी हाये माह्या घरी?"

"अहो, चिडू नका. त्यात लपवण्यासारखं काही नाही. बरेच जण घेतात."

"बरेच जन घेतात म्हनून मी बी घेऊ?"

बाहेरचे सगळे रुग्ण आपापला श्वास विसरून उभे राहिले होते. त्यांच्या मधून बहीण हातावरच्या थेंबांसकट निघून गेली. परतीच्या एसटीत भाऊजी दर थांब्याला हळूच विचारत होते, "नाई नं घेतलं?" आणि ती दर थांब्याला खिडकीकडे तोंड फिरवत होती.

डॉक्टरांचा दोष नव्हता. त्यांचा प्रश्न बरोबर होता. चूक दुभाष्याची होती, आणि तो मी.

मग मी निवडीची रीत बदलली. यवतमाळातल्या एकेका दवाखान्यात उसना खोकला घेऊन जाऊ लागलो आणि नंबर यायच्या आत निघू लागलो. पदव्या बघायच्या नाहीत. पडद्याआडून डॉक्टर रुग्णाशी बोलतो कसा, ते ऐकायचं. दुसऱ्याच दवाखान्यात आतून आवाज आला, "मावशी, गोयी कोन्ती चालू हाये ते तोंडी सांगू नका. पिशवीच उलटी करा इथं." हेही दम्याचेच तज्ज्ञ, पण पाटी दोन ओळींची आणि तिच्यावरचा दिवा गेलेला. मी वही मिटली. खोकला खरा असता तर तोही थांबला असता.

बहिणीला आणलं, कोऱ्या हाताची हकीगत सांगितली. पिशवी उलटी झाली. टेबलावर सुपारी, एसटीची तिकिटं, खंजिरीची एक सुटी चकती आणि गोळ्यांची अर्धी पट्टी.

"हे काय?"

"थे तं खाजेची गोयी. रोज झोपताना."

"हिच्यानंच तं हात कोरा राह्यला मावशी तुमचा. कायची खाज?"

"कापसाची."

"कापूस वावरात हाये का घरात?"

इथे भाऊजी मध्ये पडले. "भाव येइस्तोर ठेवला, साहेब."

"मी भाव नाई इचारला. खोली इचारली."

"आमच्या झोपाच्या खोलीत."

"कुठपर्यंत?"

भाऊजींनी नुसता हात वर केला, तो पंख्याच्या पात्याशी थांबला.

सात दिवस ती गोळी बंद ठेवून आम्ही परत गेलो. या वेळी पहिला थेंब फुगला, आणि धुळीचे थेंब त्याहून मोठे फुगले. बहिणीनं तो हात दवाखान्यातल्या सगळ्यांना बक्षीस मिळाल्यासारखा दाखवला. डॉक्टरांनी समजावलं की ढिगातली धूळ आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे श्वासाची नळी आवळतात. त्यावर पंप घ्यायचा.

"पंप हाये नं घरी," भाऊजी म्हणाले. "पाठीवरचा."

"हा छातीतला. दोन फवारे सकाळी, दोन संध्याकाळी, अन् मंग चूळ भरायची."

बहिणीचा चेहरा उजळला. फवारणी तिला कळत होती. भाऊजींचाही उजळला, पण वेगळ्या कारणानं. "पंप देऊन राह्यले, तं मंग कापूस राहू द्या थोडे दिवस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वावरात अयीवर फवारनी करता, अन् मंग तेच किडे पोत्यात भरून घरी आनता काय?"

भाऊजी हयातभर शेतकरी. हा हिशोब त्यांना लगेच कळला. दुसऱ्या दिवशी कापूस झोपायच्या खोलीतून निघाला आणि आवाराच्या टोकाच्या पाहुण्यांच्या खोलीत गेला. तिथले पाहुणे म्हणजे मुख्यतः मी. तेव्हापासून मला मुक्कामाचा आग्रह झालेला नाही.

सप्त्याच्या तिसऱ्या संध्याकाळी मंडळाची पाळी होती. मी मुद्दाम गेलो. टाळ वाटून झाले, सगळ्या जणी बसल्या, आणि बहीण उठून मोठ्यानं म्हणाली, "थांबा जरा, औषध घेऊन येतो."

सगळं मंडळ उभं राहिलं. सगळ्यात आधी पोचली ती पुढच्या रांगेत सरकलेली बाई. तिनं बहिणीचं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. "बाई, अशी काहून करून राह्यली? खंजिरी तुहीच हाये वं! मले नोको!" ती रडत होती. बहिणीनं दुसऱ्या हातानं कनवटीचा पंप काढून दाखवला. ते वाक्य आपण चुकून बोललो असं ती आजही देवाची शपथ घेऊन सांगते. मी देवाच्या भानगडीत पडत नाही.

मग पंप झाला, चूळ झाली आणि अभंग सुरू झाला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरी पाऊण गेली आणि श्वास संपला. उरलेली पाव ओळ शेजारून दुसऱ्या आवाजानं उचलली, बेताच्या पण दणकट, आणि चौथीवर खंजिरी जागच्या जागी वाजली.