अर्धगोल शेडचे फिटरचाचा

औंढ्याच्या आमच्या शेतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अर्धगोल पत्र्याची शेड होती. सुट्या भागांत आणून बोल्टांनी जोडलेली. दर पावसाळ्यानंतर तिचे बोल्ट आवळायला लोणावळ्याचे फिटरचाचा यायचे. आत शिरण्याआधी ते पान्याने पत्रा वाजवत.

"विचारून गेलेलं बरं," एवढंच म्हणत.

यंदा मी शेड उतरवायला काढली. चाचांनी दोन्ही दारं उघडली, कामगारांना बाहेर बोलावलं. तरी ते उंबऱ्यापाशी थांबूनच राहिले.

"चाचा, आत आता कोणी नाही."

"हळू बोला. निघालेत ते."

मग मान लववून ते दारातून बाजूला झाले. भर दुपारची वेळ होती, समोर रिकामी शेड लख्ख दिसत होती. तरी कोणाला तरी वाट द्यावी तसा मीही मागे सरलो.